बोटुकली कुणाच्या बोटाएवढी?

तात्या निवृत्त झाले तेव्हा मत्स्यबीज केंद्राचे मोजमापही त्यांच्याबरोबर घरी गेले, हे कुणाच्या लक्षातच आले नाही. निरोपाच्या दिवशी त्यांना भिंतीवरचे एक घड्याळ दिले गेले. केंद्रप्रमुखांनी भाषणात "तात्यांची उणीव आम्हाला पदोपदी भासेल" असेही सांगून टाकले. पण ती नेमकी कुठे भासेल हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ती भासणार होती तात्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या जागी.

त्याचे असे आहे. अंड्यातून नुकते बाहेर पडलेले माशाचे पिल्लू जिऱ्याएवढे असते, म्हणून खात्यात त्याला मत्स्यजिरे म्हणतात. ते खाऊनपिऊन बोटाएवढे झाले की त्याची बोटुकली होते, आणि बोटुकली झाली की तिला जलाशयात सोडायचे. इथपर्यंत खात्याचे नियम स्वच्छ आहेत. फक्त बोट कुणाचे, हे खात्याने कुठेही लिहिलेले नव्हते. या केंद्रात ते तात्यांचे होते. तात्या टाकीत हात घालून बोट सरळ धरीत, शेजारून एखादा मासा गेला की एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "झाली." नाहीतर म्हणत, "अजून नखभर राहिली." त्या एका बोटावर केंद्राचा सगळा कारभार चालला होता. तात्या साहेबांना बोटावर नाचवतात असे लोक म्हणत, त्यात अतिशयोक्ती काही नव्हती.

अशात मुख्य कार्यालयातून हेडक्लार्कचा फोन आला.

"साहेब, सोमवारी मोठ्या बाई येतायत. बोटुकलीची लांबी बघणार. मिलिमीटरमध्ये."

"मिलिमीटरमध्ये?" केंद्रप्रमुख म्हणाले. "आम्ही तर आजवर बोटात..."

"बोटंबिटं बंद आता. अचूक साधनाने मोजायचं."

"बरं. मग साधन कधी पाठवताय?"

"साधन तुमचं तुम्ही बघायचं. अचूकपणा तेवढा आमचा." हेडक्लार्कने आवाज खाली आणला. "आणि आतली गोष्ट सांगतो. तुमचं केंद्र आणि टेकडीपलीकडचं केंद्र एकत्र करायचं चाललंय. ज्यांची बोटुकली लांब भरेल ते मुख्य केंद्र. दुसरं उपकेंद्र. त्याच्या हाताखाली."

केंद्रप्रमुखांनी फोन ठेवला आणि टेबलावरचे पाणी प्यायले. ते टाकीतले, तपासणीसाठी आणलेले होते, हे त्यांना मागाहून कळले. टेकडीपलीकडच्या केंद्राचे प्रमुख म्हणजे त्यांचे साडू होते.

साडू हे नातेच असे आहे की त्यात रक्त नाही, लोभ नाही, नुसती तुलना आहे. सासऱ्यांना दोन मुली. थोरलीचा नवरा थोरले जावई, धाकटीचा नवरा हे धाकटे. दोघे एकाच खात्यात, एकाच हुद्द्यावर. थोरल्यांना बोलताना खुर्चीत मागे रेलायची सवय होती, आणि खुर्ची नसली तर ते भिंतीला रेलत. हे सगळे धाकट्यांनी आजवर निमूटपणे सोसले होते. पण रोज सकाळी त्या रेललेल्या माणसासमोर उभे राहून "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचे?

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"काय धाकटे, कळलं ना?" थोरल्यांच्या आवाजातूनसुद्धा ते रेललेले आहेत हे समजत होते. "मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे आलात की खिडकीजवळची खुर्ची तुमची. वारा काय सुंदर येतो!"

केंद्रप्रमुख उठले आणि तडक तात्यांच्या घरी गेले.

तात्या दारातच बसले होते. त्यांचे उजव्या हाताचे मधले बोट भल्यामोठ्या बँडेजमध्ये होते आणि ते त्यांनी मांडीवरच्या उशीवर पाहुण्यासारखे टेकवून ठेवले होते.

"तात्या, हे काय?"

"दारात चेंगरलं हो. निवृत्त झाल्यावर घरातली दारं लक्षात यायला वेळ लागतो."

"मला तुमच्या बोटाची गरज होती."

"ते कळलं मला. पण आत्ता या बोटाने मोजलं तर मगरसुद्धा नापास होईल."

"मग दुसरं एखादं बोट चालेल."

तात्यांनी दुखावलेल्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले. "साहेब, पाची बोटं सारखी नसतात. अख्खी नोकरी मी या एका बोटावर केली."

"बरं, निदान सांगा तरी, त्याची लांबी मिलिमीटरमध्ये किती असेल?"

"याला मिलिमीटर नाहीत," तात्या अभिमानाने म्हणाले. "पेरं आहेत. तीन."

केंद्रप्रमुख परत आले आणि त्यांनी शाळेतल्या मुलांची असते तशी लाकडी पट्टी घेऊन स्वतःच मोजणी सुरू केली. बोटुकलीचा एक मोठा दोष असा की ती जिवंत असते. पट्टीवर शून्यापाशी ठेवली की ती चारपाशी जाई, आणि चारपाशी बघावे तोवर केंद्रप्रमुखांच्या बाहीत शिरे. दुपारपर्यंत त्यांनी एकच मासा मोजला, आणि तोही मासा मोजला की अंगठा, याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली. शेवटी एका झाकणाच्या बादलीत चार-सहा बोटुकल्या घालून ते घरी आले.

"हे काय आणलंत?" बायकोने शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारले.

"ऑफिसचं काम."

"लोक फायली आणतात."

बायको घरीच शिवणकाम करीत असे. गल्लीतल्या यच्चयावत बायकांच्या कंबरांची मापे तिला तोंडपाठ होती, आणि त्यामुळे गल्लीत तिचा वचकही होता. नवऱ्याची दैना ऐकून तिने गळ्यातली टेप काढली. "आणा इकडे. मोजायचंच ना? लहान पोरांचे कपडे शिवते मी, त्यांच्यापुढे हा मासा काय!"

पण मासा पोरांच्या वरचढ निघाला. तिने टेपचे एक टोक त्याच्या नाकाशी धरले तेव्हा त्याने दुसऱ्या टोकाला शेपटीचा फटका मारला.

"गिऱ्हाइकाला मी सांगते, ताठ उभ्या राहा, श्वास सोडा. ह्याला काय सांगू?" ती म्हणाली. "हं, अंदाजाने एवढा. वाढत्या अंगाचा आहे, इंचभर जास्त धरू?"

"धर" हा शब्द केंद्रप्रमुखांच्या ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात माशाने उडी मारली आणि तो शिवणयंत्राच्या पायडलखाली गेला. दोघे नवराबायको जमिनीवर ओणवे होऊन त्याला शोधत असतानाच एक गिऱ्हाईक बाई फिटिंगसाठी दारात येऊन उभी राहिली. मासा सापडला, बादलीत गेला, आणि तीच टेप बाईंच्या कमरेभोवती फिरली.

"ताई, टेप ओली लागतेय. आणि वास कसला येतोय?"

"तुमच्याआधी मासा मोजला."

बाईंनी हळूच विचारले, "कंबर किती भरली त्याची?"

हा सगळा प्रकार आतल्या खोलीच्या उंबऱ्यातून सासरे शांतपणे बघत होते. सासरे भूमितीचे शिक्षक होते. होते म्हणायचे ते नोकरीपुरते. स्वभावाने ते अजूनही भूमितीच होते. सासूबाईंच्या मागे ते अर्धा आठवडा थोरलीकडे आणि अर्धा धाकटीकडे राहत, आणि कोणत्याही घराला झुकते माप मिळू नये म्हणून प्रत्येक वस्तू दोन-दोन ठेवीत. एक चपलाजोड इकडे, एक तिकडे. तसाच चष्मा, तशीच छत्री, तसाच प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीतला टूथब्रश. आयुष्यात त्यांची तक्रार अशी एकच होती. निवृत्तीनंतर त्यांना कुणी सर म्हणत नव्हते. जावई बाबा म्हणत, दूधवाला काका म्हणे, आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तर "ओ आजोबा" म्हणून हाक मारी.

"जावईबापू," ते म्हणाले, "दोष माशाचा नाही. तुमची पद्धत चुकतेय. ज्याला मोजायचं त्याला वळायला जागाच ठेवायची नाही. परीक्षेला मी मुलं अशीच बसवीत असे."

"म्हणजे काय करायचं, बाबा?"

सासरे आत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. त्यांच्या एका हातात टूथब्रश होता आणि दुसऱ्या हातात त्याची रिकामी डबी. लांबट, अरुंद, आरपार दिसणारी. त्यांनी तिच्यात पाणी घातले आणि चिमटीने एक बोटुकली सोडली. बोटुकली सरळ रेषेत जाऊन डबीच्या टोकाला नाक लावून उभी राहिली. मागे वळायला जागा नव्हती. वर्गाच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या मुलासारखी ती गप्प होती.

केंद्रप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आले.

"आता खाली पट्टी आखून चिकटवली की झालं," सासरे म्हणाले. "पण त्याआधी मूळ प्रश्न. मासा संपतो कुठे?"

"कुठे म्हणजे? शेपटीला."

"शेपटी जिथे सुरू होते तिथे, की जिथे संपते तिथे?"

"अहो बाबा, शेपटी त्याचीच आहे ना?" बायको म्हणाली. "का शेजाऱ्यांची आणलीय?"

"मान्य. पण शेपटीला टोकं दोन. वरचं लांब आहे, खालचं आखूड. मध्ये खाच. यातला मासा कोणता?"

"लांब टोकाचा," केंद्रप्रमुख तत्परतेने म्हणाले.

"कारण?"

"सोमवारी बाई येतायत."

सासऱ्यांनी हे कारण मनातल्या मनात तपासले आणि अर्धे गुण दिले.

मग बोलता बोलता केंद्रप्रमुखांनी मनातला सल बाहेर काढला. "बाबा, तुम्ही परवापर्यंत थोरल्यांकडे होतात. त्यांची बोटुकली कशी आहे?"

"बरी आहे."

"आमच्यापेक्षा मोठी?"

"बरी आहे म्हटलं ना," सासरे म्हणाले, आणि आपली जुनी कंपासपेटी उघडून पेन्सिलीला टोक काढू लागले. रात्रीच्या जेवणाआधी ते पत्र्याची पट्टी घेऊन न्हाणीघरात गेले. बादली तिथेच ठेवली होती. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मुलीने दार वाजवले तेव्हा आतून "आलो, आलो, बेरीज चाललीय" असे उत्तर आले. म्हातारपणी माणसे न्हाणीघरात काहीबाही पुटपुटतात, म्हणून तिने लक्ष दिले नाही.

सासऱ्यांनी काळ्या शाईने आखलेली पट्टी म्हणजे एक देखणी गोष्ट होती. प्रत्येक मिलिमीटर केसासारखा. पण डबीतून पाणी पाझरले, शाई ओघळली आणि सहा ते आठ सेंटिमीटरच्या दरम्यान एक सरोवर तयार झाले. "झेरॉक्स काढून लॅमिनेट करून आणतो," म्हणत सासरे स्वतःच नवी पट्टी आखून कोपऱ्यावर गेले आणि प्लॅस्टिकात बंद झालेली चकचकीत पट्टी घेऊन आले. ती डबीखाली चिकटवली. बोटुकली आत सोडली. केंद्रप्रमुखांनी वाकून आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि ते जागच्या जागी उडी मारून उभे राहिले.

"अगं, केवढी ही! आपली बोटुकली केवढी मोठी आहे!"

"टेपवर तर एवढी नव्हती हो भरली," बायको म्हणाली.

"तुझी टेप वापरून वापरून ताणलीय. ताणलेल्या टेपवर सगळं आखूडच भरणार."

बायको विचारात पडली. तिला माशाची चिंता नव्हती. गल्लीतल्या कंबरांची होती. केंद्रप्रमुखांनी मात्र पुन्हा मोजले नाही. जे माप आपल्या बाजूने पडते ते दुसऱ्यांदा तपासायची पद्धत जगात कुठेच नाही.

शनिवारी सासऱ्यांची थोरलीकडे जायची पाळी आली. निघताना त्यांनी जावयाला बाजूला घेतले. "जावईबापू, हे साधन कुणाला दाखवू नका. विशेषतः थोरल्यांना."

"बाबा, हे काय सांगणं झालं?" केंद्रप्रमुखांना भरून आले. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी पहिल्यांदाच उघडपणे त्यांची बाजू घेतली होती.

रविवारी थोरल्यांचा फोन आला. "धाकटे, कसं काय? आमच्याकडे एक आधुनिक उपकरण आलंय. मासा आत, आकडा बाहेर. जास्त सांगत नाही, गुप्त आहे."

केंद्रप्रमुखांची झोप उडाली. आधुनिक उपकरणापुढे टूथब्रशची डबी! त्यांनी सोमवारी सकाळी डबीवर "मत्स्यमापक" अशी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर जुन्या ब्रशच्या कंपनीचे जे नाव उमटलेले होते ते ब्लेडने खरवडून काढले.

मोठ्या बाई आल्या त्या पलीकडचे केंद्र उरकूनच. तुलना समोरासमोर व्हावी म्हणून त्यांनी थोरल्यांनाही गाडीत घालून आणले होते. पुढे हेडक्लार्क होता. मागून सासरे उतरले. "सहज आलो," ते म्हणाले. "गाडी इकडेच येत होती."

"साधन?" बाईंनी हात पुढे केला.

केंद्रप्रमुखांनी रुमालातून डबी काढून दिली. बाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"ही टूथब्रशची डबी आहे."

"मत्स्यमापक आहे, बाई."

"तुमच्या साडूंकडेही टूथब्रशचीच डबी आहे. खात्याने वाटल्यात का?"

केंद्रप्रमुखांनी थोरल्यांकडे पाहिले. थोरल्यांनी केंद्रप्रमुखांकडे पाहिले. मग दोघांनी मिळून सासऱ्यांकडे पाहिले. सासरे टाकीतल्या पाण्यावर पडलेला कवडसा अतिशय लक्षपूर्वक न्याहाळत होते.

मोजणी झाली. एकेक बोटुकली डबीत जाई, कोपऱ्यात तोंड करून उभी राही आणि टाकीत परत जाई. हेडक्लार्कने सरासरी काढली, सकाळच्या आकड्याशेजारी मांडली आणि डोके खाजवले.

"बाई, दोन्ही केंद्रांची सारखीच येतेय. मिलिमीटरचासुद्धा फरक नाही."

"सारखी?" बाई म्हणाल्या. "हे मासे काय एकमेकांना विचारून वाढतात?"

"शक्यच नाही!" थोरल्यांना रेलायला भिंत सापडेना, म्हणून ते तसेच तावातावाने पुढे आले. "आमची नक्की मोठी आहे. बाई, यांचा मासा माझ्या साधनात घालून बघा." आणि त्यांनी खिशातून दुसरी डबी काढली. तीच लांबी, तेच झाकण, तशीच चकचकीत पट्टी. नुकतीच पहिल्या डबीत मोजलेली एक बोटुकली बाईंनी दुसऱ्या डबीत घातली.

"आखडला," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो पुन्हा पहिल्या डबीत घातला. "वाढला." पुन्हा दुसऱ्या. "आखडला. मासा तोच आहे ना?"

"तोच, बाई."

"मग डबी बदलली की हा आखडतो कशाने?"

"थंडी वाजत असेल," हेडक्लार्क म्हणाला.

"बाबा!" दोन्ही जावई एकाच सुरात ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचे हे पहिलेच एकमत होते.

सासरे सावकाश पुढे आले. "त्याचं काय आहे, मूळ पट्टी एकच. दोन जावई, म्हणून झेरॉक्स प्रती दोन काढल्या. एक जरा बारीक आलेली दिसतेय, एक जरा मोठी. यंत्र आहे. यंत्राला काय, हातासारखं वळण नसतं."

"ते असू दे," बाई म्हणाल्या. "तुम्ही गणिताचे दिसता. खरी लांबी किती ते सांगा म्हणजे निकाल लावून मी मोकळी होते."

खिडकीजवळची ती खुर्ची केंद्रप्रमुखांना दिसू लागली. वारासुद्धा लागला.

"सांगतो की," सासरे म्हणाले. "फक्त तुम्ही आधी मला सांगा, मासा संपतो कुठे?"

"अं?"

"शेपटीच्या मुळाशी, खाचेत, की टोकाला? टोकाला, तर वरच्या की खालच्या? नाकाकडून मोजताना तोंड मिटलेलं धरायचं की उघडं? कारण तोंड उघडलं की लांबी बदलते, आणि मासा बोलत नसला तरी तोंड सारखं उघडत असतो. खात्याची व्याख्या काय आहे?"

खात्याची व्याख्या नव्हती. हेडक्लार्कने मुख्य कार्यालयाला फोन लावला. मुख्य कार्यालयाने विचारले, "कुणाचा मासा?" तोवर सासऱ्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर एक मासा काढला, त्याला अ, ब, क, ड अशी नावे दिली आणि समजावायला सुरुवात केली. चहा आला, निवाला, परत गेला. थोरले उभ्याउभ्या पेंगले. बाई मात्र पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या. कारण त्यांचे लक्ष जरा खिडकीकडे गेले की सासरे खडू थांबवून नुसते बघत.

"तर ब बिंदू घेतला, तर दोन्ही मासे सारखे मानायला हरकत आहे का?"

"नाही."

"नाही काय?"

"नाही, सर," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी खडू खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी शाळेची घंटा वाजली.

बाईंनी निकाल दिला तो असा. खाते व्याख्या ठरवीपर्यंत दोन्ही केंद्रे सारखी. मुख्य कुणी नाही, उपकेंद्र कुणी नाही. मात्र दोघांच्याही मोजमापावर देखरेख करायला एक मानद मापन सल्लागार नेमावा, आणि त्यांची मंजुरी घेतल्याशिवाय एकही बोटुकली पाण्यात सोडू नये. मानद म्हणजे फुकट, हे समजताच मुख्य कार्यालयाने फोनवरच होकार दिला. सल्लागारांच्या नावाचा प्रश्नच नव्हता. ते फळा पुसत होते.

"आणि ऑफिसात नातीगोती नकोत," बाई गाडीत बसताना म्हणाल्या. "बाबाबिबा चालणार नाही. दोघांनीही त्यांना सर म्हणायचं."

केंद्रप्रमुखांना वाईट वाटले नाही. थोरल्यांना सर म्हणण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. थोरल्यांनाही, का कोण जाणे, तसेच वाटले. त्या दिवशी त्यांनी धाकट्यांच्या खांद्यावर हात टाकला. अर्थात थोडे रेलूनच.

पुढच्या आठवड्यात बायको एका फ्रॉकचा कागदी नमुना मोठा करून घ्यायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली.

"ताई, आजोबांना सांगा," तो म्हणाला, "पुन्हा तसली पट्टी हवी असेल तर आणा. आता मला जमतं. एक शंभर टक्क्यांहून थोडी कमी, एक थोडी जास्त. पण काय हो, त्या दिवशी आकडा चिठ्ठीवर लिहून आणला होता त्यांनी, आणि माझ्याकडून चार-चारदा काढून घेतली. म्हणे, अजून केसभर मोठी. कशाला हवी होती एवढी नेमकी चुकीची पट्टी?"

ती घरी आली. सासरे तिच्या कटिंगच्या टेबलाशी बसून टूथब्रशसाठी नवी डबी बनवत होते.

"बाबा, मशीनने चूक केली ना?"

"कोणत्या मशीनने?"

"मापात पाप? आणि तेही तुम्ही?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "एकीकडेच केलं असतं तर पाप. दोन्हीकडे बेतून केलं की त्याला समतोल म्हणतात."

"म्हणजे भावजींची बोटुकली खरंच मोठी होती?"

"बरी होती म्हटलं ना. तिकडून निघताना मोजूनच आलो होतो." त्यांनी टेबलावरचा शिंप्याचा खडू उचलला आणि निळ्या कापडावर दोन तिरप्या रेषा ओढल्या. "हे बघ. तुझा नवरा आणि तिचा नवरा. एक रेष जरा लांब झाली की दुसरीच्या घरात रोज धुसफुस. मला दोन्ही घरी अर्धा-अर्धा आठवडा जेवायचंय. तेव्हा दोन्ही बाजू सारख्या. समद्विभुज त्रिकोण. आता अशा त्रिकोणाचा शिरोबिंदू कुठे येतो?"

ती काही बोलायच्या आत नवरा दारात येऊन अदबीने उभा राहिला. "सर, टाकी नंबर दोनची बोटुकली सोडू का?"

"ब बिंदूपासून मोजलीत?"

"हो, सर."

"मग सोडा."

नवरा गेला. मुलीने कापडावरच्या त्रिकोणाकडे पाहिले. दोन्ही बाजू बिनचूक सारख्या होत्या, आणि त्या जिथे मिळत होत्या तिथे बाबांनी एक ठसठशीत ठिपका दिला होता. तिने सवयीने गळ्यातली टेप लावली.

"बाबा, शिरोबिंदू जरा जास्तच वर गेलाय."

"असू दे," सासरे म्हणाले. "वाढत्या अंगाचा आहे. इंचभर जास्त धरलाय."